चमच्यात काटकसर नको

लंगोट किती लागतील, मालिशवाली काय घेते, डिंकाच्या लाडवांना तूप किती जातं, हे सगळं बाळंतिणीला सांगायला दहा जणी येतात. डब्याच्या दुधाला महिन्याला किती पैसे पडतील, हे मात्र कुणी सांगत नाही. ते पहिलं पाकीट चौथ्या दिवशी संपलं की कळतं. म्हणून पोरी, आधी कागद-पेन्सिल घेऊन बस आणि मावशी सांगते तो हिशेब मांड.

पहिल्या काही महिन्यांत बाळाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली दूध लागतं. बाळ पाच किलोचं झालं की ७५० मिली. आपल्याकडच्या बहुतेक पावडरींना ३० मिली पाण्याला एक चमचा असं माप असतं, म्हणजे दिवसाचे पंचवीस चमचे. एक चमचा साडेचार ग्रॅमच्या आसपास धरलास तर दिवसाला ११० ग्रॅमच्या वर पावडर गेली. ४०० ग्रॅमचं पाकीट साडेतीन दिवसांत रिकामं. महिन्याला आठ-नऊ पाकिटं. पाकीट ४५० रुपयांचं असेल तर पावणेचार हजारांच्या पुढे, ८५० चं असेल तर सव्वासात हजार. निव्वळ वरच्या दुधावर असलेल्या बाळाचा हा आकडा आहे. तू अंगावर पाजून वर थोडं देणार असशील तर तेवढा कमी होईल. पण आकडा डोळ्यांसमोर असला की दुकानात उभं राहून घाबरायला होत नाही.

आता कानमंत्र म्हणशील तर तो एवढाच. घासाघीस करायची ती डबा घ्यायच्या आधी कर, डबा कुठला घ्यायचा त्यात कर, बाटलीत, मशीनमध्ये, औषधांत कर. चमचा आणि पाणी यांना हात लावायचा नाही.

महापालिकेच्या प्रसूतिगृहात आणि नंतर मुलांच्या वॉर्डात मी सगळी नोकरी काढली. तिथली एक बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. डोंगरावरच्या वस्तीतली, कडेवर तीन महिन्यांचं बाळ. बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या वजनाहून फारसं सरकलेलंच नव्हतं. ताप नाही, जुलाब नाहीत, ओकणं नाही. बाटली भरभरून पितंय म्हणत होती, आणि खोटं बोलत नव्हती. आमच्या इन्चार्ज सिस्टर मालवणच्या होत्या, तोंडाने कडक. पण त्या दिवशी आवाज न चढवता तिला म्हणाल्या, "घरी करतेस तसंच इथं करून दाखव बघू." बाईने बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरली, दोन चमचे पावडर टाकली, बूच लावून हलवली. दूध छान पांढरं झालं. त्या बाटलीला आठ चमचे लागत होते. नवऱ्याचा पगार दहा तारखेला आणि डबा संपायचा तीस तारखेच्या आत, मग ती काय करणार? सिस्टर तिला काही बोलल्या नाहीत. आम्हा पोरींकडे वळून मात्र म्हणाल्या, "पांढरं दिसलं म्हणजे दूध झालं नाही, हे प्रत्येक आईला घरी जाण्याआधी सांगायचं." तेव्हापासून सांगत आले, आता तुला सांगते.

पातळ दुधाने पोट फुगतं, भूक मेल्यासारखी वाटते आणि बाळ शांत झोपतं, म्हणून आईला वाटतं की भागतंय. आतून त्याची उपासमार चालू असते. पाणी फारच वाढलं तर रक्तातलं मीठ उतरून तान्ह्याला झटके येऊ शकतात. आणि उलटही करू नकोस. बाळ लवकर भरावं म्हणून एक चमचा जास्त टाकणाऱ्या आज्याही मी पाहिल्या आहेत. घट्ट दुधाने शी घट्ट होते, अंगातलं पाणी कमी पडतं, मूत्रपिंडावर भार येतो. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, तेवढेच चमचे. चमचा त्याच पाकिटातला वापर, कारण दुसऱ्या कंपनीचा लहान-मोठा असतो. भरून घेतलास की सुरीच्या पाठीने सपाट कर, दाबून भरू नकोस. आणि पाणी आधी मोजून बाटलीत घे, पावडर नंतर टाक. पावडर आधी टाकून वर रेघेपर्यंत पाणी ओतलं की पाणी कमी पडतं आणि माप चुकतं.

हे झालं. आता मुळापासून सुरू करू, कारण सगळ्यांत मोठी बचत डबा घरात येण्याआधीच होते.

दवाखान्यातून घरी पाठवताना कार्डावर "वरचं दूध" असं लिहून देतात. तीन गोष्टी विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस: का, किती आणि कधीपर्यंत? बाळाची साखर उतरली होती म्हणून दोन दिवस दिलं असेल तर ते दोन दिवसांनी थांबायला हवं. कुणी ते थांबव असं सांगत नाही म्हणून सहा महिने चालू राहतं. सिझर झालं की दूध येतच नाही, हाही असाच एक समज. पहिल्या दिवशी येतो तो पिवळट चीक, चमचाभरच असतो, पण तेव्हा बाळाचं पोटही तेवढंच असतं. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस जातात. त्या दिवसांत बाळ रडलं की बाटली, पुन्हा रडलं की बाटली, असं झालं तर ते अंगावर प्यायला शिकत नाही. आणि ते ओढत नाही म्हणून अंगावरचं आणखी आटतं. दूध कमी पडतंय की नाही, हे रडण्यावरून ठरवायचं नाही. दिवसातून सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का ते बघ आणि वजन बघ. दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत भरून यायला हवं, मग दर आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम चढायला हवं. अंगणवाडीत काटा आहे, तिथे पैसे पडत नाहीत.

पाजताना बाळाने नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात घ्यायला हवा. ते जमलं नाही तर आईला चिरा पडतात, बाळ उपाशी राहतं आणि घरचे डब्याकडे वळतात. अळीव, शतावरी, मेथी खा, मला काही त्याचं वावडं नाही. पण दूध वाढतं ते बाळाने वारंवार ओढल्याने, रात्री धरून. आणि कुणी जवळ बसून बाळ नीट धरायला शिकवल्याने. आशाताईंना बोलाव, चांगली नर्स गाठ. एका दिवसाच्या मदतीने महिन्याचे चार हजार वाचू शकतात.

पण एक ऐक. कुणाला खरोखरच डबा लागतो. जुळी असतात, आईला भारी औषधं चालू असतात, दत्तक बाळ असतं, आई दगावलेली असते. काही बायकांना सगळं करूनही पुरेसं येत नाही. तशा वेळी फॉर्म्युला हेच योग्य अन्न, आणि ते देणाऱ्या आईला घरातल्यांनी टोमणे मारायचे नाहीत. तुझ्या सासूबाईंना माझा निरोप दे.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल आणि काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर डॉक्टरांना मिल्क बँकेचं विचार. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू केली. दान केलेलं दूध तपासून, पाश्चराइज करून अशा नाजूक बाळांना देतात. घरी न्यायला ते मिळत नाही, आणि मिळतं असं मोबाइलवर कुणी म्हणत असेल तर हात जोड. आईचं दूध विकण्याचा धंदा चालणार नाही, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये बजावलं आहे.

नोकरीवर परतायचंय म्हणून डबा, हे तर घरोघरी. कायद्यात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. रजेनंतर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या आहेत आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं. किती ठिकाणी आहे ते तुलाही माहीत आहे. तरी लेखी अर्ज कर. मागितलं नाही तर कुणी आणून देत नाही. दूध हाताने काढता येतं, त्याला पंप लागतोच असं नाही. स्टीलच्या किंवा काचेच्या स्वच्छ झाकणाच्या भांड्यात काढलेलं दूध साध्या हवेत चारेक तास टिकतं. आपल्याकडच्या वैशाखात तेवढाही भरवसा धरू नकोस, लगेच फ्रिजमध्ये आत, मागच्या बाजूला ठेव. दारात नको. तिथे चार दिवस चालतं. दोन पाजण्या जरी अशा निघाल्या तरी महिन्याला दोन-तीन पाकिटं वाचतात.

आता डबा घ्यायचाच असं ठरलं. कुठला घ्यायचा? दवाखान्यात पहिल्यांदा जो दिला, तोच लोक वर्षभर आणत राहतात. बाळाला सोसला ना, मग नको बदलायला, ही भीती. कंपन्यांना ही भीती चांगली ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये तर भाव इतके चढले की तिथल्या स्पर्धा आयोगाला लक्ष घालावं लागलं. दोन वर्षांत पावडर २५ टक्क्यांनी महागल्याचं त्यांनी २०२३ मध्ये सांगितलं. बाजार दोन-तीन कंपन्यांच्या हातात, आणि महाग म्हणजे चांगलं असं वाटून आईबाप स्वस्त डब्याला हात लावत नाहीत, हेही त्यांनी मांडलं. तिथे राहणाऱ्या आपल्या मुली फोन करतात तेव्हा मी हेच सांगते की दुकानाच्या स्वतःच्या नावाचा स्वस्त डबाही त्याच कायद्याच्या मापात उतरलेला असतो.

आपल्याकडेही तसंच आहे. बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पावडरीत प्रथिनं किती, लोह किती, जीवनसत्त्वं किती, याची किमान-कमाल मापं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवून दिली आहेत. त्यात न बसणारी पावडर विकताच येत नाही. म्हणजे साडेचारशेचं आणि साडेआठशेचं, दोन्ही पाकिटं त्या परीक्षेत पास झालेली असतात. वरचे चारशे रुपये ज्या ज्यादा घटकांचे असतात, ते निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला हवेतच असं नाही. डॉक्टरांनी विशिष्ट पावडर लिहून दिली तर कारण विचार. बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे, दुधाची ॲलर्जी आहे, अशी कारणं असतील तर खर्च करावाच लागेल. पण "संध्याकाळी फार रडतो" म्हणून लॅक्टोज-फ्री आणि "ओकतो" म्हणून आणखी भलतीच, असं आपल्या मनाने किंवा केमिस्टच्या मनाने करू नकोस. तिथे पाकिटाची किंमत दुप्पट होते आणि बाळाचं रडणं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप कमी होणारच असतं.

कंपनी बदलायची असेल तर बदल, काही बिघडत नाही, फक्त पाकिटावर बाळाच्या वयाप्रमाणे असतो तो नंबर तोच ठेव. दोन-तीन दिवस शीचा रंग, वास बदलेल. मात्र आज ही, परवा ती, असं उड्या मारत राहू नकोस.

पत्र्याच्या डब्यापेक्षा पुठ्ठ्याच्या खोक्यातलं रिफिल स्वस्त पडतं. आत पावडर तीच असते. आता पाकिटावर दर ग्रॅमची किंमतही छापलेली असते, बारीक अक्षरात. ती बघ, मोठं पाकीट स्वस्तच असेल असं धरून चालू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळांच्या खाण्याच्या पिठा-पावडरींवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि दूध पाजायच्या बाटल्या-निपलांवरचा १२ वरून ५ वर. तेव्हा जुन्या तारखेचं पाकीट जुन्या भावाने कुणी हातात दिलं तर विचारायला लाजू नकोस. तारीख बघ, तीन-चार महिन्यांत संपणारं घेऊ नकोस. आणि एकदम पेटीभर आणू नकोस. पुढच्या महिन्यात बाळाला किती लागेल, सोसेल का, अंगावरचं वाढेल का, कशाचाच नेम नसतो.

फुकट पाकीट कुणी दिलं तर? घेऊ नकोस. १९९२ चा आपला कायदा आहे, २००३ मध्ये आणखी कडक केला. दोन वर्षांच्या आतल्या मुलांच्या दुधाची जाहिरात करायची नाही, नमुना वाटायचा नाही, भेटवस्तू-योजना द्यायच्या नाहीत, डब्यावर बाळाचं चित्रही छापायचं नाही. माझ्या तरुणपणी गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा व्हायच्या आणि डब्यावर गुबगुबीत गालांचं पोर असायचं. ते चित्र बघून किती जणींनी डबे घेतले असतील! फुकटचं पहिलं पाकीट म्हणजे पुढची आठ विकत घ्यायची तजवीज. बारशाला लोक विचारतील काय आणू, तेव्हा मात्र संकोच न करता सांग. झबली-टोपडी पुरे झाली, वाळे झाले, आता लंगोटांचं पुडकं आणा. आणि अगदीच घरातलं माणूस असेल तर नाव-नंबर लिहून देऊन तुझ्या पावडरीचं पाकीटच आणायला सांग. आपल्या माणसांत कसली लाज.

बाटली, निर्जंतुक करायचं मशीन, दूध कोमट ठेवायचं मशीन, यांची यादी कुणी तुझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर पाठवली असेल. एक जाड बुडाचं पातेलं काढ. त्यात वाटी, चमचा, बाटली बुडेल इतकं पाणी घालून चांगलं उकळ, झालं निर्जंतुक. शिवाय बाटलीच हवी असंही नाही. आमच्या आईने आम्हाला बोंडल्याने पाजलं, चांदीचं नव्हे, साध्या जर्मनचं. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजलेलं बाळ अंगावर प्यायला विसरत नाही. धुवायला कोपरे नाहीत, निपलाच्या भोकात काही अडकत नाही आणि दर दोन महिन्यांनी निपल बदलायचा खर्च नाही. हळू पाजावं लागतं, एवढाच त्रास. बाळाला बसतं करून, ओठाला वाटी टेकवून, त्याला स्वतः घेऊ द्यायचं. घशात ओतायचं नाही.

पाण्याच्या बाटल्याही विकत आणू नकोस. नळाचं पाणी खळखळून उकळलं की पुरे, बाटलीबंद पाणीही उकळावं लागतंच. पावडर बनवताना मात्र एक लक्षात ठेव, ही पावडर निर्जंतुक नसते. कारखान्यातून आली, खोक्यावर कितीही शिक्के असले तरी तिच्यात क्वचित जंतू असू शकतात, आणि लहानग्याला ते महागात पडतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी ७० अंशांच्या खाली जाण्याआधीच पावडर टाका. म्हणजे उकळून झाकून ठेवलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत वापर, पावडर विरघळव आणि मग ती बाटली किंवा वाटी गार पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट कर. मनगटावर थेंब टाकून बघ. रात्रीसाठी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरून ठेव, कोरड्या डबीत मोजलेली पावडर वेगळी ठेव. बाळ उठलं की मिसळ. उशाशी तयार बाटली ठेवून झोपू नकोस. साध्या हवेत तयार दूध दोन तासांवर ठेवायचं नाही, आणि बाळाच्या तोंडाला लागलेलं उरलं तर ते फेकायचंच. दुसऱ्या वेळेला गरम करून नाही.

फेकताना जीव तुटतो ना? म्हणून थोडं बनव. बाळ ९० पितं तर ६० बनव, मागितलं तर आणखी ३०. पाकिटावरच्या तक्त्यात त्याच्या वयासमोर १५० लिहिलंय म्हणून १५० संपवायलाच हवं असं नाही. तो सगळ्या बाळांचा अंदाज, तुझ्या बाळाचा नव्हे. त्याने तोंड फिरवलं की थांब. घरोघरी एका पाकिटातली किती पावडर मोरीत जाते, हे बघायचं असेल तर एक आठवडा उरलेलं दूध मापाच्या भांड्यात ओतून बघ.

उघडलेल्या पाकिटावर पेनाने तारीख लिही आणि तीन आठवड्यांत संपव. आतली पिशवी गुंडाळून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेव, फ्रिजमध्ये नको. आपल्या पावसाळ्यात ओला चमचा एकदा गेला की गोळे होतात आणि दोनशे रुपये वाया. दोन पाकिटं एकदम उघडायची नाहीत.

आता स्वस्तातल्या पळवाटा. पहिली, चहाची दूध पावडर. दिसायला तशीच आणि भाव निम्म्याहून कमी, म्हणून वस्तीत सर्रास देतात. ती तान्ह्याचं अन्न नाही, पाकिटावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. कंडेन्स्ड मिल्कही तसंच. दुसरी, गाईचं दूध. "आमची पोरं गाईच्याच दुधावर वाढली" हे तू ऐकणारच आहेस. वाढली, खरं आहे. जी नाही वाढली त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही. सहा महिन्यांच्या आत गाई-म्हशीचं दूध मूत्रपिंडाला जड, त्यात लोह नगण्य. त्यात पाणी घातलं की अन्नही नाही. शेळीच्या दुधात फोलिक ॲसिड जवळजवळ नसतं. अगदीच नाइलाज झाला, पैसेच नाहीत, तर सरकारी दवाखान्यात जा. काय द्यायचं, कसं द्यायचं, लोहाचे थेंब किती, हे तिथे ठरवून देतात. आपल्या मनाने नाही. तिसरी, चौथ्या महिन्यातच पेज, बिस्किट, नाचणी बाटलीत कालवणं. नको. ग्राइप वॉटर, गुटी, मधाचं बोट, यांवरचेही पैसे वाचव. मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही.

सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, की खर्चाचं गणित बदलतं. इथे कंपनी दोन नंबरचं पाकीट पुढे करते. पण आता पोट भरायचं ते घट्ट वरण-भाताने, वर तुपाची धार, मऊ खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, अंडं, मासे खात असाल तर काटे काढलेला मासा. दिवसाला आधी एकदा-दोनदा वाटीच्या तळाशी, नववा महिना लागेपर्यंत तीन-चार वेळा अर्धी-अर्धी वाटी. जेवण वाढलं की दूध आपोआप कमी होतं आणि नवव्या-दहाव्या महिन्यात पाकीट पाच-सहा दिवस पुरायला लागतं. नाचणीचं सत्त्व बाजारातून आणू नकोस. नाचणी भिजव, मोड आण, सावलीत वाळव, भाजून दळ, वस्त्रगाळ कर. एका दुपारचं काम, आणि बाजारातल्या बाळाच्या खाण्याच्या डब्याला द्यायचे पैसे राहिले. अंगणवाडीत नाव घातलं असशील तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत बाळाच्या नावाचा घरी न्यायचा आहार मिळतो. त्याआधीचे सहा महिने पाजणारी आई म्हणून तुझ्या नावाचा. घ्यायला जा, आपल्याला कशाला म्हणून सोडू नकोस. योजनेत बसणाऱ्या पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये हप्त्याने मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००. कागदपत्रं गरोदरपणातच लावलेली बरी, म्हणून तुझ्या धाकट्या जावेला आत्ताच सांग.

सहा महिन्यांनंतर फॉर्म्युला सोडून गाईचं दूध द्यावं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की सहा ते अकरा महिन्यांच्या, अंगावर न पिणाऱ्या बाळाला फॉर्म्युला किंवा प्राण्याचं दूध, दोन्ही चालतं. आपल्याकडचे पुष्कळ बालरोगतज्ज्ञ मात्र लोहाच्या काळजीने वर्षापर्यंत थांबा म्हणतात. माझं म्हणशील तर ओढाताण नसेल तर वर्षापर्यंत रेट. ओढाताण असेल तर डॉक्टरांना खर्चाची गोष्ट स्पष्ट सांग आणि लोहाचे थेंब लिहून घेऊन, चांगलं उकळलेलं, पाणी न घातलेलं दूध जेवणाच्या जोडीला सुरू कर. खर्चाची गोष्ट डॉक्टरांपुढे काढायला लोक लाजतात आणि मग घरी येऊन चमचे कमी करतात. त्यापेक्षा तोंड उघडलेलं बरं.

वर्ष झालं की डबा बंद. तीन नंबर, चार नंबर, "वाढत्या मुलांसाठी", या सगळ्याची निरोगी मुलाला गरज नाही. घरात येतं तेच दूध, दिवसाला दोन कप, त्याहून जास्त देऊन जेवण मारू नकोस. शेवटच्या उघड्या पाकिटात चार चमचे उरले असतील तर मोठ्यांच्या शेवयांच्या खिरीत घाल, चांगली दाट होते. आणि वाढदिवसाला कुणी तीन नंबरचं पाकीट बांधून आणलंच, तर उघडू नकोस. बिलासकट ठेव, मी दुकानात जाऊन बदलून त्याचं तूप आणून देईन.